डांबराखालचा पत्रा

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. होडीबद्दल लिहायचं तर ते आमच्या आबांनी लिहायला हवं, पण त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. आई सांगू शकेल, पण ती म्हणते, "त्यात काय सांगायचं, राहिलो झालं." राहता राहिलो मी, आणि त्या होडीवर सगळ्यात कमी राहिलेला माणूस मीच. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिहायची सवय म्हणाल तर प्रॅक्टिकलच्या जर्नलची. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. तेव्हा वाचणाऱ्यांनी चूकभूल पदरात घ्यावी. माझ्या हातून एक काम बिघडलं आणि ते कुणाला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

श्रीगोंदा तालुक्याच्या दक्षिणेच्या अंगाला भीमा वाहते. खाली उजनीचं धरण आहे, त्यामुळे तिचं पाणी आमच्या बाजूला पसरून उभं राहतं. त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. आबा त्या फुगवट्यात मासे धरतात. चिलापी जास्त, कधी कतला, नशीब असलं तर वाम.

आमची लोखंडी पत्र्याची होडी मूळची माणसं नेण्याची. पूल नव्हता तेव्हा ती मोटारसायकली, शेळ्या, दहावीच्या परीक्षेची पोरं, लग्नाची वऱ्हाडं या काठावरून त्या काठावर पोचवायची. पूल झाला आणि ती बसून राहिली. आबांनी ती घेतली, मागच्या अर्ध्या भागावर लोखंडी पाइप वाकवून त्यावर पत्र्याचं छप्पर घातलं, आणि आम्ही तिघं त्यात राहायला गेलो. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. गावात चुलत्याच्या घरात एक खोली वाट्याला होती, ती चुलत्याच्या मुलांना लागली. आबांनी भांडण केलं नाही. मागे घर, पुढे जाळी, अशी ती होडी. मागे फळ्यांची जमीन, एक पत्र्याची पेटी, गॅसची छोटी टाकी, कोपऱ्यात फळीवर देव. अलीकडे छपरावर सोलरची प्लेट बसवली होती, तिच्यावर एक दिवा लागायचा आणि फोन चार्ज व्हायचा. मासे जिकडे धावतील तिकडे घर जायचं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की होडी गाळावर टेकायची. तिला दगडांचा आधार देऊन, शिडी लावून आईआबा त्यातच राहायचे.

सातवीपर्यंत मी तिथून शाळेत गेलो. आठवीपासून श्रीगोंद्याच्या वसतिगृहात, आणि आता नगरजवळ केडगावात दोन मुलांबरोबर खोली करून राहतो. एस.टी.च्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, आमच्या घरात अजून सगळे नगरच म्हणतात. कॉलेजच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' अशी जागा असते. तिथे मी चुलत्याचा पत्ता लिहितो. रेशनकार्डावरही तोच आहे. खोलीतल्या मुलांना मी सांगितलं आहे की आमचं घर नदीकाठी आहे. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही.

आबांनी मला होडीच्या कामाला कधी हात लावू दिला नाही. दरवर्षी मे महिन्यात, होडी गाळावर असताना, तिला बाहेरून डांबर लावतात. तीन दगडांवर डबा ठेवून डांबर उकळायचं आणि काठीला गोणपाट गुंडाळून तळाला फासायचं. मी जवळ गेलो की आबा म्हणायचे, "तू लांब हो. हातावरचं डांबर निघत न्हाई. सर काय म्हनतील?" मी लांब व्हायचो. मला ते बरंही वाटायचं.

या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला.

"परीक्षा झाली की येतोयस नव्हं?"

"येतो. का?"

"होडीचं बघायचंय. ठिवायची का मोडायची. तू बघून सांग."

"आबा, मला काय कळतंय त्यातलं?"

"गंजाचंच शिकतोस की तू."

बारावीला असताना मी एकदा त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं होतं की लोखंड, पाणी आणि हवा यांचा मिळून गंज होतो. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि शेवटी म्हणाले होते, "म्हंजी आमी तिन्ही गोष्टीत राहतो." ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात होडी पाणी घ्यायला लागली होती. आई आणि आबा सकाळ-संध्याकाळ डब्याने पाणी उपसायचे. आबांचा उजवा खांदा दुखतो, त्यामुळे जास्त करून आईच. होडी दुरुस्त करायची ठरली तर ते पाण्यावर राहणार होते. मोडायची ठरली तर दोघांनी काठावर यायचं आणि आबांनी साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहायचं, असं कुणीतरी सुचवलं होतं. आबा खुर्चीवर बसून उसाच्या ट्रॅक्टरांचे नंबर लिहून घेतायत, हे मला डोळ्यांसमोर आणता येईना. एक तर त्यांना लिहिता येत नाही.

मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. आई फाट्यापर्यंत घ्यायला आली होती. एरवी ती येत नाही. वाळलेल्या, भेगा पडलेल्या गाळातून आम्ही चालत होतो आणि होडी लांबूनच दिसत होती. आई माझ्या पुढे चालत होती, मागे न बघता बोलत होती.

"ह्ये बघ, तुझं आबा तुझ्या शब्दाभायेर जानार न्हाईत."

"मी अजून काहीच बघितलं नाही आई."

"बघ की. बघू नगं कोन म्हनतंय. खोटं बोलू नगंस. पन खरं असंल ते जरा लवकर बोल."

थोडं चालून ती थांबली आणि गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. "अठरा वर्सं झाली. एकदा जमिनीवर झोपावं वाटतं रं. पानी आलं का बघायला उठायचं न्हाई, अशी झोप."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

आबांनी मला काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त होडी दाखवली. शिडीवर पाय ठेवायच्या आधी चप्पल काढली, मलाही काढायला लावली. पुढच्या भागात जाळी ठेवायच्या जागेवर पत्र्याला हाताने थाप मारली. "ह्ये बघ, आवाज कसा येतोय." मग छपराचा एक पाइप हलवून दाखवला, तो हलला नाही. "ह्यो पाइप गेल्या साली बदलला." मग सोलरची प्लेट. मग देवाची फळी. मागच्या भागातल्या तळाच्या फळ्या त्यांनी उचलल्या नाहीत. मला वाटलं, आपण म्हणावं, आबा, या फळ्या उचला. पण मी म्हणालो नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मी कुठे अडकलो आहे. आई भाकरी वाढताना आबांकडे बघत नव्हती. आबा जेवताना माझ्याकडे बघत होते. दोघांनी आपापलं माझ्यावर सोपवलं होतं आणि दोघंही म्हणत होते, "तू सांगशील तसं." मी ठेवा म्हणालो तर आई आणखी किती वर्षं पाणी उपसणार, आणि मोडा म्हणालो तर आबांची नदी सुटणार. मी ठरवलं की आपल्या मनाचं काही सांगायचंच नाही. आपण पत्रा बघायचा. पत्रा सांगेल ते सांगायचं. कॉलेजात आम्हाला तसंच शिकवतात, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष.

पण पत्रा दिसतच नव्हता. बाहेरून सगळा तळ डांबराने काळा झाला होता, अठरा वर्षांच्या थरांनी. हाताने चाचपलं तर कुठे फुगलेलं, कुठे खोल. मी विचार केला, खालचं लोखंड किती उरलंय हे बघायचं तर वरचं डांबर काढायला हवं. आता वाटतं, एवढा साधा विचार मी कुणाला बोलून का दाखवला नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत डांबर कडक असतं. आईचं खुरपं आणि एक जुनी छिन्नी घेऊन मी होडीखाली शिरलो. दगडांच्या आधारामुळे तळ आणि गाळ यांच्यात माणूस जेमतेम मावेल एवढीच जागा होती. पाठीवर झोपून, सरकत सरकत जायचं. नाकापासून वीतभर वर होडी. हात नीट उचलता येत नव्हता, मान वळवता येत नव्हती. मी मागच्या टोकापासून सुरुवात केली, कारण पाणी मागे जास्त येतं असं आई म्हणाली होती. खुरपं घातलं की डांबर ढलप्याढलप्याने निघायचं, आणि त्यात थर दिसायचे. मध्ये मध्ये गोणपाटाचे तुकडे होते, एका ठिकाणी आईच्या जुन्या पातळाचा तुकडा. आबांनी प्रत्येक वेळी भोकावर कापड ठेवून त्यावर डांबर चढवलं होतं. मी ते सगळं काढत गेलो. खाली गंज होता, पानापानांचा. तो बोट लागलं की गळत होता, डोळ्यात, तोंडात. मला वाटत होतं, चांगलं चाललंय, आता खरं काय ते कळतंय.

आबा शिडीवर बसून जाळं सांधत होते. मला त्यांचे पाय दिसत होते. ते काही बोलले नाहीत.

शेजारच्या होडीचे तात्या काठाने चालले होते, ते वाकून खाली बघायला लागले.

"काय रं कालेजवाल्या, म्हातारीचं लुगडं सोडतोस व्हय?"

"पत्रा बघतोय तात्या."

"जुनं उकरत नसत्यात बाबा. नवं लावत्यात."

"का?"

"का म्हंजी? नसत्यात."

आमच्याकडे अशा पुष्कळ गोष्टी 'करत नसतात'. अमावास्येला नवं जाळं टाकत नसतात. होडीत चपला घालून चढत नसतात. मी तात्यांचं बोलणं त्याच पोत्यात टाकलं. तात्या आबांकडे बघून म्हणाले, "आबा, पोरगं हुशार हाय तुमचं." आबा म्हणाले, "व्हय." तात्या तिथेच थोडा वेळ उभे राहिले, मग गेले.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला मी छपराच्या पुढच्या खांबाखाली, म्हणजे साधारण होडीच्या मध्यावर पोचलो होतो. मागे पातळाचा तो तुकडा अजून अर्धवट चिकटून राहिला होता, म्हणून परत सरकलो आणि तो ओढला. त्याच्याबरोबर तळव्याएवढा पत्रा खाली आला. माझ्या छातीवर पडला. वरून उजेड आला. फळ्यांच्या फटीतून मला आईची टाच दिसली, आणि तिची पातेल्यातली पळी वाजताना ऐकू आली. मी आमच्या घरात खालून बघत होतो.

पळी थांबली. आई वरूनच म्हणाली, "काय रं, उजेड पडला व्हय खाली?"

मी भोकावर हात ठेवला. का ते माहीत नाही. मग छिन्नीने आजूबाजूला नुसतं टेकवून बघितलं, तर ती आत गेली. अजून एका ठिकाणी टेकवली, तिथेही गेली. जिथे जिथे मी डांबर काढलं होतं तिथे पत्रा नव्हताच म्हटलं तरी चालेल. गंजाची पापडी होती. इतकी वर्षं होडीला डांबर आणि चिंध्यांनी वर धरलं होतं, आणि ते मी दोन दिवस खपून काढून टाकलं होतं. मी तिथेच पडून राहिलो. बाहेर निघायचं तर आबांचे पाय ओलांडून जावं लागणार होतं. मी डांबराचा एक मोठा ढलपा घेतला आणि भोकावर दाबून बसवायचा प्रयत्न केला. तो चिकटला नाही. आणखी ऊन झालं की चिकटेल, असंही माझ्या मनात आलं. असलं सुचत होतं.

शेवटी बाहेर आलो. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग होडीखाली बघितलं, आणि म्हणाले, "चहा घे. तोंड धू आधी."

तिसऱ्या दिवशी मिस्तरी आले. श्रीगोंद्याचे, पत्र्याच्या होड्या बांधणारे. या पट्ट्यातल्या निम्म्या होड्या त्यांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या हातच्या आहेत. मी त्यांना लहानपणापासून चाचा म्हणतो. त्यांनी टेम्पोतून उतरल्या उतरल्या टोपी सारखी केली आणि हातोडी घेऊन होडीभोवती फिरायला लागले. पुढच्या भागावर हातोडी मारली, आवाज खणखणीत आला. मधे आले, आवाज जड झाला. मागे येऊन वाकले आणि हातोडी मारलीच नाही.

"ह्ये कुनी सोललं?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "पोरानं तपासलंय. त्याचा तोच विषय हाय कालेजात."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "अस्सं. मग काय निघालं तपासात, सायेब?"

"मागचा पत्रा गेलाय चाचा."

"गेलाय तर. आता हिला चाळून तुमच्या प्रयोगाच्या बाटलीत भरा." ते हसले, आबाही थोडे हसले. मग आबा चहाचं सांगायला शिडी चढून गेले आणि चाचांचा आवाज खाली आला. "देख बेटा, वाईट मानू नगंस. मागचा पत्रा तुझ्या आठवी-नववीतच गेलता. मला ठाऊक हाय, तुझ्या आबाला ठाऊक हाय. डांबर हेच तिचं कातडं हुतं. हात लावला नसतास तर वरनं एक कोट मारून अजून चार पावसाळं रडत-खडत निघाली असती."

"आता?"

"आता दोन रस्ते. पुरा तळ नवा टाकायचा, मागनं पुढपर्यंत. दोन महिने लागतील, पाणी चढायच्या आत व्हायला पायजे. अन मला हाताखाली एक मानूस कायम लागंल, सकाळपासनं. तुझ्या आबाच्या खांद्यातनं आता घण उचलत न्हाई. न्हाईतर भंगार."

हाताखालचा माणूस म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात तिघंच आहोत. तिसऱ्या वर्षाचं कॉलेज जूनच्या मध्याला सुरू होणार होतं. जर्नल, प्रॅक्टिकल, हजेरी.

आबा चहा घेऊन आले. चाचांनी त्यांना तेच दोन रस्ते सांगितले, माझ्या चुकीचं सोडून. आबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "तू सांग. तू सांगशील तसं करू."

मी म्हणालो, "आठ दिवसांत सांगतो."

त्या दिवशी भांडी घासताना आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बरं केलंस." तिला वाटलं होतं की मी तिच्यासाठी मुद्दाम केलं. मला सांगायचं होतं की मी कुणासाठीच केलं नाही, मला माहीतच नव्हतं. पण तिच्या तोंडावर जे होतं ते बघून माझ्याने बोलवलं नाही. आबा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, पोरानं दोन दिवस खाली झोपून तपासलं. तिथे तरी मी काय बोलणार? खरं सांगितलं असतं तर आईचं 'बरं केलंस' गेलं असतं आणि आबांचं 'पोरानं तपासलं' गेलं असतं. न सांगितल्याने माझं काय गेलं हे मला नीट सांगता येत नाही.

मी केडगावला परत आलो. आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी सांगितलं नाही. आबांचा फोन यायचा, जेवलास का, झोप होते का, एवढंच विचारायचे. होडीबद्दल एक शब्द नाही. मीही बोलायचो नाही. प्रत्येक फोननंतर खोलीतल्या खाटेवर बसून मी मनात दोन्ही वाक्यं म्हणून बघायचो. "आबा, दुरुस्त करू, मी येतो." "आबा, मोडू." दोन्ही म्हणता यायची. फोनवर यायची नाहीत.

कॉलेज सुरू झाल्यावर एकदा प्रयोगशाळेत सरांना विचारलं, "सर, गंजलेल्या पत्र्यात लोखंड किती उरलंय हे बाहेरून कसं कळतं?"

सर म्हणाले, "बाहेरून नाही कळत. वजनावरून काढता येतं, पण मूळचं वजन माहीत असेल तर." मग त्यांनी विचारलं, "प्रोजेक्टसाठी का?" मी हो म्हणालो.

जुलैत नगरला नुसती भुरभुर होती. पण आमचं पाणी आमच्या पावसावर चढत नाही. वरती पुणे जिल्ह्यात, मावळात पाऊस झाला की धरणं भरतात, पाणी सोडतात, आणि आमच्याकडे थेंब नसताना फुगवटा वाढत येतो. मी रोज मोबाईलवर बघायचो, वरून किती सोडलं. होडी गाळावर होती, मागचा तळ उघडा. पाणी तिथपर्यंत आलं की ती उचलणार नव्हती, भरणार होती. त्यात आई, पेटी, देव. मी फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. आठ दिवस बंद. तात्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. चुलत्याला लावला तर तो म्हणाला, "मी त्या अंगाला गेलोच न्हाई, पर काय झालं असतं तर कळलं असतं की." शनिवारी जायचं ठरवलं, तर शुक्रवारी प्रॅक्टिकलची परीक्षा सोमवारवर आल्याची नोटीस लागली. मी बॅग भरली आणि परत उघडली. ते मला कबूल करायला हवं.

रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आई होती.

"तात्याच्या फोनवरनं बोलतीय. आमचा बंद पडलाय, सोलर काढली नव्हं."

"आई, पाणी आलं का?"

"आलं की परवा. लई आलं."

"होडी?"

"कापली."

पुढचं मी विचारायच्या आत तिने स्वतःच सांगितलं.

"जिथपातूर तू उकरलं हुतंस नव्हं, तिथनं मागची सारी पानी यायच्या आधीच कापून टाकली. पुढची चांगली हाय म्हनला मिस्तरी. मागनं नवा पत्रा मारला त्याला. दोन दिस राहिला बिचारा, हितंच जेवला, निमाज बी हितंच पढला. तुझ्या आबानं हाताखाली काम केलं, एका हातानं. आता निमी हाय होडी. जाळी मावत्यात अन दोन मानसं."

"आणि तुम्ही राहता कुठं?"

"साळंच्या मागं खोली मिळाली. खाली जमीन हाय." ती थोडी हसली. "पयल्या दिशी झोपच आली न्हाई बग. हलंना काय."

"आबा काय म्हणाले?"

"कशाचं?"

"मी उकरलं त्याचं. आई, मला ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम नाही केलं."

मागे तात्यांच्या घरातलं कुणीतरी कोंबड्यांना हाकत होतं.

"व्हय का," ती म्हणाली. "मला वाटलं हुतं मुद्दाम. मग ऐक. जुनं उकरत न्हाईत ह्ये मला बी ठावं हुतं. तू खुरपं मागाय आलास तवा मी गप दिलं ते माझ्यासाटी. पन तुझं आबा का गप बसले, ह्ये मी काल इचारलं त्यास्नी. म्हनलं, तुमच्या डोळ्याम्होरं चाललं हुतं, आडवलं का न्हाई? तर म्हनले, जलमात पयल्यांदा त्यानं होडीला हात लावला, अन मी हात काढ म्हनू?"

मी फोन कानाला धरून उभा होतो. खोलीतला मुलगा खूण करून विचारत होता, काय झालं.

"ऐकतोस ना?" आई म्हणाली. "ठिवते आता, तात्याला फोन पायजे. अब्यास नीट कर. अन हां, सकाळी पान्यात घातली ती. आबा एकटेच गेल्यात घेऊन. आजून तरी पानी घेतलं न्हाई."